फरशीखालचा पाझर

"काढ ती रांग. मधोमध सापासारखी वळलीय, दिसत नाही तुला?"

"अहो, तिसऱ्यांदा? दोरीला धरून सरळ आहे. बोट फिरवून बघा."

फरशीवाल्यानं बोट फिरवलं. ते सांध्यातून सरळ गेलं, पण सांधा वाकडाच दिसत होता. सिमेंटचा माल कालवणारी त्याची बायको म्हणाली, "एकेक डोळा झाका बरं." डावा झाकला तर सांधा वाकडा, उजवा झाकला तर सरळ. दोन धड रांगा उखडून त्यानं दोष दोरीला दिला होता.

तसा हा पोरवयापासून उणे सोळाच्या चष्म्याचा. गाव त्याला भिंग्या म्हणायचं. चष्मा काढला की स्वतःचा हातोडाही चाचपडत शोधायचा, पण त्याच्याइतका बारीक सांधा कुणाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा फोटो काढला. "जास्त नंबरामुळे पडदा ताणून पातळ झालाय. खाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात. त्या पाझरतात आणि पडदा उचलला जातो. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल."

फरशीवाला खुर्चीतून उठलाच. "म्हणजे खाली ओल धरून फरशी फुगलीय. हे तर माझंच काम, बाई. मग लेसरनं एकदाच भाजून टाका. डोळ्यात सुई म्हटलं की माझे पाय गळतात."

"भाजलं तर वरचा पडदाही जळतो. डाग राहतो, पुढे पसरतो."

"ओलीपायी फरशीच फोडायची म्हणा."

"दुसरा उपाय, हाताच्या शिरेतून औषध देऊन त्यावर थंड लेसर टाकायचा. त्यानं जळत नाही, पण नजर फार तर आहे तिथं थांबते. इंजेक्शननं पाझर सुकतो, बऱ्याच जणांची नजर सुधारते. मात्र एकानं भागेलच असं नाही."

"हातातलं काम उरकून महिन्यानं आलो तर?"

"तोवर डाग धरला तर माझ्या हातात काही उरणार नाही."

बायको मधेच म्हणाली, "फोडू नका, पाझर सुकवा. गिऱ्हाइकांना हेच सांगत फिरता ना?"

"गिऱ्हाइकाच्या डोळ्यात सुई जात नाही."

"पाय गळले तर गळू देत. तसंही तुम्ही बसूनच काम करता."

डॉक्टरीणबाई हसल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "द्या सुईच."

डोळा बधिर केला. कधी टोचणार म्हणून विचारतोय तोवर टोचून झालं होतं. मग रोज सकाळी डावा डोळा झाकून चौकटीचा कागद बघायचा, मधली रेषा अजून फुगीर दिसते का म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तो तोंडात ब्रश तसाच धरून धावत आला.

"अगं, पोट उतरलं."

"कुणाचं?"

"रेषेचं!"

महिन्यानं फोटोतही पाझर बराच ओसरला होता. बाईंनी आणखी एक सुई दिली. बारीक बाक राहील म्हणाल्या, आणि रेषा पुन्हा हलली तर त्याच दिवशी यायला बजावलं.

आठवड्याभरानं एका नव्या स्वयंपाकघरात त्यानं दोरी ताणली, डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्यानं ती शेवटपर्यंत न्याहाळली. बारीक बाक सोडला तर सरळ होती.

"माल आण," तो गुडघे टेकत म्हणाला. "आणि पातळ करू नकोस."