पायांवर घेतलेलं पाणी

देवाचं मला वावडं नव्हतं, पण त्याच्यावाचून माझं काही अडतही नव्हतं. लष्करात मी ड्रायव्हर होतो. तेल, पाणी, हवा तपासून गाडी बाहेर काढली की देवाला मध्ये पडायचं कारण उरत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि बायकोसमोर जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचो. इंदू ऐकून घ्यायची. आज जे लिहितोय ते सांगायला कित्येक वर्षं माझी जीभ रेटली नाही. आता लिहितानाही कानशिलं तापतात.

एकाहत्तरच्या लढाईत मी राजस्थानच्या वाळवंटात होतो. पुढं पेन्शनीवर घरी आलो आणि तिथल्या गोष्टी सांगून सांगून गावाला वैताग आणला. इस्लामपूरजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. मोटर सुरू केली की उसात पाणी, त्यामुळं पाणी ही विचार करायची गोष्ट आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. इंदूनं लग्नानंतर सासर, माहेर आणि पालीची जत्रा यापलीकडं काही पाहिलं नव्हतं. तुला एकदा वाळूचा समुद्र दाखवतो, असं मी तिला प्रत्येक सुट्टीत कबूल करायचो. शेवटी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली, डागडुजी केली आणि ऊस कारखान्याला गेल्यावर चैत्रात निघायचं ठरवलं. इंदूचं एकच म्हणणं होतं, जाताना पालीच्या खंडोबाला नारळ वाढवून जाऊ. वाट वाकडी होत होती. येताना बघू, देव काही पळून जात नाही, असं म्हणून मी विषय मोडला. तिनं गुपचूप जीपच्या बॉनेटवर भंडारा लावला होता. रंगावर डाग नको म्हणून मी तो ओल्या फडक्यानं पुसून काढला.

पहिले दहा दिवस फार सुखाचे गेले, हे सांगितलंच पाहिजे. गुजरात ओलांडून आम्ही रमतगमत चाललो होतो. सासरी कधी मोठ्यानं न हसलेली इंदू पुढच्या सीटवर मांडी घालून बसायची आणि उंटाची चाल बघून डोळ्यांत पाणी येईतो हसायची. मी रोज सकाळी डब्यातल्या पाण्यानं ऐसपैस दाढी करायचो, वर जीपही धुवायचो. "आवं, पाणी जपून वापरा की," ती म्हणायची, "हितं काय पाट वाहतोय व्हय?" मी म्हणायचो, "अगं, मी हितं लढाई केलीया. मला शिकवतीस?" लढाई झाली ती ऐन थंडीत आणि तेव्हा आमच्या मागं पाण्याची गाडी असायची, एवढं मात्र मी सोयीस्कर विसरलो होतो.

जैसलमेर सोडल्यावर मी हट्टानं मोठा रस्ता सोडला आणि ओळखीची म्हणून एका आडवाटेला लागलो. ओळखीचं काहीच निघालं नाही. उन्हं चढली तशी रेडिएटरची नळी फाटली. मी नळीला चिंध्या बांधल्या, डब्यांतलं पाणी ओतलं, मैलभर गेलो, पुन्हा तेच. शेवटचं पाणी उरलं तेव्हा इंदूनं डब्याला हात लावला. "घोटभर प्यायला ठिवा." मी तिचा हात बाजूला सारला. गाडी चालली तर आपण वाचू, असा माझा हिशेब होता. गाडी दोन टेकाडं चालली आणि थांबली.

दुपार झाली. माणूस नाही, झाड नाही. इंदूचे ओठ पांढरे पडले, बोलणं तुटक झालं. ती डोळे मिटून खंडोबाचं नाव घेत होती आणि मला भीतीपोटी राग आला होता. "मार हाक तुझ्या खंडोबाला," मी म्हणालो, "घोड्यावरनं घागर घिऊन ईल." थोड्या वेळानं वाळूच्या टेकाडावर एक पिवळट कुत्रं येऊन उभं राहिलं. आमच्याकडं खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, पण मला त्यातलं काही सुचलं नाही. मी त्याला हाकलायला दगड शोधत होतो. इंदू तेवढ्यात उठून बसली आणि म्हणाली, "त्येचं तोंड बघा. वलं हाय."

खरंच त्याच्या मिशांना ओली वाळू चिकटली होती. कुत्रं मागं वळून बघत टेकाडापलीकडं उतरलं आणि आम्ही त्याच्यामागं गेलो. खाली गवतानं शाकारलेल्या दोन गोल झोपड्या दिसल्या. तिथवर जायचं त्राण इंदूच्या अंगात नव्हतं. हाकेच्या अंतरावर शमीसारखं एक झाड होतं, त्याच्या विरळ सावलीत ती बसली. "तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली, "माझ्यासाठी पाणी आना."

मी पाणी आणायलाच गेलो होतो.

दारात एक म्हातारा बाजेवर बसला होता. मला पाहून त्याची बायको आत गेली आणि पितळेचा भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. आता आमच्याकडची रीत अशी की पाहुणा दारात आला की पहिला तांब्या पायांना आणि दुसरा पिण्याला. उन्हातून आल्या आल्या पाणी प्यायचं नाही, हातपाय धुऊन दम खायचा, हे आईनं लावलेलं वळण. तळवे नुसते भाजत होते. मी वहाणा काढल्या, तांब्या घेतला, दोन्ही पाय चोळून धुतले, चूळ भरून टाकली, उरलेलं तोंडावर मारलं आणि तांब्या उपडा करून झटकला. मग म्हातारीपुढं धरून म्हणालो, "माई, अब पीने का पानी लाव."

म्हातारी तांब्याकडं बघत राहिली. म्हातारा माझ्या अंगातल्या जुन्या लष्करी सदऱ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "पानी यही था, फौजी."

त्या तीन-चार शब्दांनी माझं काय झालं ते मला लिहिता येत नाही. आत डोकावलो तर मडकी पालथी घातलेली. त्यांचा मुलगा उंट घेऊन लांबच्या विहिरीवर गेला होता, तो दिवस मावळताना येणार. घरातलं शेवटचं पाणी मी माझ्या पायांवर ओतलं होतं, आणि इंदू झाडाखाली आडवी झालेली दिसत होती. दाराशी एक फुटकी खापरी होती, तिच्या तळाला ओल होती. स्वतः न पिता त्या बाईनं कुत्र्याचा वाटा त्याला दिला होता. म्हणून त्याचं तोंड ओलं होतं.

म्हाताऱ्यानं आणि मी बाजेवरून इंदूला आणलं. अंग तव्यासारखं तापलेलं, हाकेला ओ नाही. म्हातारी मला एक शब्दही बोलली नाही. ती खाली बसली आणि मी पाय धुतले होते तिथली ओली वाळू तिनं दोन्ही हातांनी गोळा केली. ती तिनं इंदूच्या कपाळावर लिंपली, तळव्यांना लिंपली. मग शेळी पिळून कपड्याच्या बोळ्यानं तिच्या तोंडात दुधाचे थेंब सोडत राहिली. मी उभ्या आयुष्यात प्रार्थना केली नव्हती, तिचे शब्दही मला येत नव्हते. मी नुसता मान खाली घालून बसलो आणि मनात म्हणालो, माझ्या हातात आता काही नाही. दिवस कलायला इंदूनं डोळे उघडले.

उंट आला तेव्हा दिवसभर कोरड्या तोंडानं बसलेल्या त्या दोघांनी पहिला तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. नको म्हणायचाही मला हक्क नव्हता. मी तो प्यालो. मुलानं नळीला चामड्याची पट्टी आवळून दिली, डबे भरून दिले आणि सकाळी मोठ्या रस्त्याला लावून दिलं.

परतताना आम्ही थेट पालीला गेलो आणि मी नारळ वाढवला. पण इंदूला खरं सांगितलं नाही. दरवर्षी जत्रेला जायचो, गप्प बसून यायचो. चार वर्षांनी पालीला नदीकाठी भाकरी सोडून बसलो असताना ती शेजारच्या बायकांना सांगत होती, देवानंच माझ्यासाठी ती माती ओली करून ठेवली होती. मी हातातला घास खाली ठेवला. बायका उठून गेल्यावर मी म्हणालो, "देवानं न्हाई इंदू. तुझं पाणी मी पायावर घेतलं हुतं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "झाडाखालनं दिसत हुतं सगळं."

"मग इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "ती म्हातारी बोलली न्हाई. मी कशाला बोलू?"

मी कोण, मला काय येतं, हे सगळं त्या दिवशी वाळूत मुरलं. जे वाया घालवलं त्यातूनच मला माझं माणूस परत मिळालं, आणि ते ज्यानं दिलं त्यानं कधी बोलूनही दाखवलं नाही. आता कुणाच्या दारात तांब्या पुढं आला की मी तो दोन्ही हातांनी घेतो आणि आधी विचारतो, "ह्यो पायाला, का प्यायला?" लोक हसतात. इंदू हसत नाही.