फीत कापायच्या आधी

प्राचार्यांनी नाथाजीला बसायला खुर्ची दिली, तिथंच त्याची बायको मनुबाई ओळखून चुकली की ह्याला काही प्रवेश मिळत नाही. रांगेतल्या बाकीच्या पोरांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

साल चौऱ्याहत्तर. लोणंद स्टेशनाच्या पलीकडं, कांद्याच्या एका जुन्या वखारीत सरकारनं कारागिरीचं प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. टर्नर, फिटर असे कामधंदे शिकवायचे, शिकताना विद्यावेतन द्यायचं, आणि दुष्काळात खडी फोडून हात सोलवटलेल्या पोरांना कारखान्याच्या वाटेला लावायचं, असा बेत. नाथाजी धायगुडे फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याहून लाकडी पाय बसवून तो बोरीच्या वाडीला परतला त्याला आता दोन वर्षं होत आली होती, आणि त्या दोन वर्षांत तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करण्यापलीकडं काही करत नव्हता. केंद्राची बातमी मनुबाईनंच बाजारातून आणली. तिनंच त्याला एस्टीत बसवून इथवर आणलं.

प्राचार्य गंगाधरराव वाईचे, मृदू बोलणारे. "जवानांबद्दल आम्हाला आदरच आहे," ते म्हणाले. "पण टर्नरला दिवसभर यंत्रापुढं उभं राहावं लागतं. तुम्हाला ते झेपायचं नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

 नाथाजीनं फौजेतल्या सवयीनं 'ठीक हाय साब' म्हणून काठीला हात घातला. मनुबाई मात्र भिंतीवरच्या फळ्याकडं बघत होती. ती आठवी शिकलेली. माहेरी वडिलांनी हट्टानं शिकवलेली. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : माजी सैनिक अथवा त्यांचे अवलंबित यांच्यासाठी जागा राखीव.

"सर, अवलंबित म्हंजी कोण वं?"

"म्हणजे त्यांच्या आधारानं जगणारे. मुलगा असेल, भाऊ असेल."

"आन बायकू?"

"पत्नीसुद्धा. का?"

"मग माझं नाव ल्हिवा."

रांगेतली पोरं फिस्सदिशी हसली. गंगाधररावांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की साताऱ्याला बायकांसाठी शिवणाचा वर्ग आहे, मी चिठ्ठी देतो.

"शिवण मला येतंय," मनुबाई म्हणाली. "जे येत न्हाई ते शिकायला आलीया मी."

वर विचारावं लागेल, असं सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं. मनुबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि कचेरीच्या पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशीही आली. शिपाई म्हणायचा, "बाई, साहेब मीटिंगला गेल्यात." ती म्हणायची, "जाऊंद्यात. येतील की." असं आषाढभर चाललं. शेवटी वरनं उत्तर आलं की नियमात बाई नको असं कुठं म्हटलेलं नाही. गंगाधररावांनी सुस्कारा टाकून नाव घातलं, आणि ही आपली आपणच आठवड्यात सोडून जाईल, अशी मनाची समजूत घातली.

पहिलं भांडण घरात झालं. टर्नरचं काम शिकवणारे निदेशक मधुकर पटवर्धन सांगलीचे. नोकरी अजून कायम व्हायची होती, म्हणून जपून असणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लुगडं चालणार नाही. पदर फिरत्या यंत्रात गेला तर पदराबरोबर माणूस जातं. आणि हातात बांगडी नको." लुगड्याचा प्रश्न मनुबाईनं ट्रंक उघडून सोडवला. नाथाजीची खाकी पँट कमरेला दोरीनं आवळली, वर त्याचा सदरा घातला. पण बांगड्या काढायला ती उंबऱ्यात बसली, तशी सासू साळूबाई चुलीपुढनं उठून आली.

"मने, डोस्कं फिरलंय का तुजं? नवरा जित्ता हाय आन हात उघडा करतीस? आवदसा आठवलीया तुला!"

मनुबाईचा हात तिथंच थांबला. लोक काय म्हणतील याची तिला फिकीर नव्हती. पण ह्या गोष्टीची भीती तिच्याही पोटात होती. लहानपणापासून मुरलेली भीती. तिनं ओट्याकडं बघितलं.

नाथाजी कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं बोलला. "आये, सुरुंग फुटला तवा हिच्या हातात डझनभर बांगड्या हुत्या. काय झालं? काढ गं तू. मी मरत न्हाई."

साळूबाईनं कपाळावर हात मारला आणि दोन दिवस सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनंच भाकरी बांधून दिली. वाडीनं भरपूर तोंडसुख घेतलं. खाकी पँटीतली बाई बघायला पोरंटोरं एस्टीच्या थांब्यावर जमायची. मनुबाई ताठ मानेनं त्यांच्यामधून जायची आणि एखाद्यानं शीळ घातलीच तर थांबून विचारायची, "कुणाचा रं तू?" बापाचं नाव विचारलं की शीळ आपोआप बंद व्हायची.

केंद्रातलं दुखणं वेगळंच निघालं. वखारीच्या मधल्या खणात लोखंड कातायचे चार नवेकोरे लेथ पक्क्या सिमेंटात बसवलेले होते. वीज जोडलेली होती. पण चारहीवर ताडपत्री, ताडपत्रीला दोरी, दोरीला लाखेची मोहोर. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं, आणि केंद्राच्या समितीचे अध्यक्ष आबासाहेब यांची सक्त ताकीद होती की तोवर कुणी हात लावायचा नाही. संगमरवरी पाटीवर आबासाहेबांचं नाव मंत्र्यांच्या नावाखाली कोरून तयार होतं. तारीख तेवढी मोकळी सोडली होती.

मंत्री दिवाळीनंतर येणार होते, आले नाहीत. संक्रांतीला मांडव पडला आणि तसाच उतरवला. तोवर पोरं व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानस घासत होती. घासून घासून तळहाताला घट्टे पडले. मधुकर सर फळ्यावर लेथचं चित्र काढायचे. हा चक, यात काम धरायचं. हे टूल, यानं लोखंड सोलायचं. आणि शिकणारी माणसं चित्रावरनं नजर काढून ताडपत्रीकडं बघायची.

"ताट वाढलंय आन वर फडकं टाकलंय," मनुबाई एकदा म्हणाली. "सर, आमी परीक्षा काय चित्रावर द्याची?"

मधुकर सरांनी खडू खाली ठेवला. "माझ्या हातात नाही, बाई."

एक उन्हाळा गेला. आणीबाणी आली. आता तर सरकारी वस्तूकडं वाकडी नजर टाकली तरी आत टाकतील, अशी हवा. केंद्रातली पोरं दबकून वागू लागली. दोघंतिघं कंटाळून सोडूनही गेली. त्यातला अर्जुना हा मनुबाईच्या शेजारच्या व्हाइसवरचा. म्हसवडकडचा, घरचा एकटा कमावता. जाताना म्हणाला, "अक्का, वरीसभर कानस घासली. गावाकडं गेल्यावर लोकांना काय शिकलो म्हनून सांगू?" त्या दिवशी मनुबाईला दुपारची भाकरी गोड लागली नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी, हजेरी झाल्यावर, ती सरळ मधुकर सरांपुढं जाऊन उभी राहिली.

"सर, तुमी भाईर जाऊन चा घ्या. आमी त्या ताडपत्र्या काढतो. इचारलं तर म्हना, मला ठावं न्हवतं."

मधुकर सरांचा चेहरा उतरला. "बाई, नोकरी जाईल माझी."

"म्हनून तर जावा म्हनती."

ते खरंच दारापर्यंत गेले. मनुबाईनं खिशातनं चाकू काढला आणि पहिली दोरी कापली. लाखेचा तुकडा फरशीवर टचकन फुटला. पोरं नुसती बघत होती. कुणी पुढं येईना. तिनं एकटीनं ताडपत्री ओढली. खाली ग्रीस फासलेलं यंत्र, हिरवा रंग, बोटाचा ठसासुद्धा नाही. तिनं मेन स्विचकडं हात नेला, तोच मागनं आवाज आला.

"थांबा! आधी चकमधली किल्ली काढा. ती तशीच राहिली आणि यंत्र सुरू झालं, तर सुटून कपाळात बसेल." मधुकर सर परत फिरले होते. बाह्या दुमडत होते. "पहिल्यांदा कुणी एकट्यानं लेथ चालवायचा नसतो. बाजूला व्हा. मी दाखवतो."

मग मात्र पोरांना दम निघेना. रॉकेलनं ग्रीस पुसलं, चारही यंत्रं उघडी झाली. मधुकर सरांनी पहिलं काम लावलं आणि मग हँडल मनुबाईच्या हाती दिलं. टूल लोखंडाला टेकलं आणि निळसर कीस वेटोळे घेत निघू लागला. वर्षभर कानशीनं हट्टानं घासलेलं ते लोखंड, मुळ्याच्या किसासारखं सुटत होतं. तिला हसू आलं. मोठ्यानं हसली ती, आणि यंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

दुपारच्या आत आबासाहेबांची जीप आली. पांढरंशुभ्र धोतर, मागं दोन माणसं, त्यांच्या मागं घाम पुसणारे गंगाधरराव.

"कुणी केलं हे?"

यंत्रं एकेक करून थांबली. मधुकर सर पुढं होऊ लागले, पण मनुबाई आधी बोलली. "मी. दोरी मी कापली."

"ही यंत्रं तुझ्या बापाची हायत काय गं?"

"न्हाई. तुमच्याबी न्हाईत. सरकारची हायत, लोकांच्या पैशाची. शिकनाऱ्यासाठी धाडलेली."

"उद्घाटन व्हायच्या आधी सरकारी मोहोर तोडलीस. आत जाशील! दिवस कुठले हायत कळतंय का?"

"कळत्यात की." ती मागं सरली नाही. "माझ्या मालकाचा पाय गेला, तवा तिथं कुनी फीत बांधली न्हवती, आबासाहेब. त्यानं कुनाची वाट बघितली न्हाई. त्याच्या नावावर मला ही जागा मिळाली. आता पोलिसाला बोलवायचं तर बोलवा. तो येईस्तवर मी काम करती."

आणि ती वळली. स्विच दाबला. आबासाहेब पुढं काय बोलले ते लेथच्या आवाजात कुणालाच कळलं नाही.

पोलीस आले नाहीत. पुण्याहून चौकशीला एक साहेब आले. त्यांनी सगळ्यांना वेगवेगळं बोलावून विचारलं, यंत्रं फिरवून बघितली, आणि आठवडाभरानं निकाल आला : मनुबाईचं विद्यावेतन बंद, मधुकर पटवर्धनांची बदली कोकणात. यंत्रं आता उघडलीच आहेत तर चालू ठेवावीत, असंही खाली एका ओळीत होतं. पोरांनी त्या ओळीसाठी पेढे वाटायचं ठरवलं. मनुबाईनं पेढा घेतला नाही. मधुकर सरांना स्टेशनावर पोचवायला मात्र ती गेली.

"सर, माझ्यापायी झालं."

"तुमच्यापायी नाही," सर म्हणाले. "मी दारातनं परत आलो, तो माझ्या पायानं." गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतनं ओरडून सांगितलं, "टूलची धार स्वतः लावायची! दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही!"

विद्यावेतन गेलं, तर साळूबाईनं दोन शेळ्यांचं दूध लोणंदला घालायला सुरुवात केली. सुनेच्या त्या दिवसाची गोष्ट तिनं बाजारात चार जणींना सांगितली, तीही थोडं तिखटमीठ लावून. मंत्री हिवाळ्यात एकदाचे आले. गंगाधररावांनी मनुबाईला त्या दिवशी घरी राहा म्हणून निरोप धाडला होता. ती खाकी कपडे धुऊन, इस्त्री करून वेळेवर हजर झाली. मंत्री घाईत होते. दारात फीत कापली, हार घेतला, भाषण केलं आणि गेले. नव्या यंत्राच्या हँडलवरचा रंग का उडालाय, असं त्यांनी विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. त्या एका फितीसाठी वर्षाचं वाटोळं झालं होतं!

शहात्तरच्या परीक्षेत मनुबाई पास झाली. पहिली-बिहिली आली नाही, मधेच कुठंतरी होती. पण कागद हातात आला तरी कारखान्याची दारं उघडेनात. साताऱ्यात एका ठिकाणी म्हणाले, बायकांसाठी संडास नाही. सांगलीत एका मालकानं तिचं काम बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "काम झकास आहे हो, पण माझी माणसं बिथरतील."

"तुमची मानसं बिथरत्यात तर त्यास्नी बांधून घाला," ती म्हणाली आणि बाहेर पडली. रस्त्यावर येऊन मात्र तिला रडू आलं. नाथाजी झाडाखाली थांबला होता. त्यानं तिला मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाला, "माझा फौजेतला दोस्त जोतीराम इस्लामपुरात असतो. त्याच्या रस्त्याकडंच्या वखारीला शेड हाय, मोकळी. तिकडं ऊस हाय, इंजनं हायत, पंप हायत. रोज काही ना काही मोडतंय. आपन मागायला कशाला जायाचं, गड्या?"

बायकोला तो पहिल्यांदाच गड्या म्हणाला. दोघांनाही हसू फुटलं.

सैनिक बोर्डाच्या मदतीनं इस्लामपूरच्या त्या शेडात मिरजेतला एक जुना लेथ आला. त्याचा पट्टा सारखा घसरायचा आणि टूल सरकतं ती खालची पट्टी झिजलेली होती. पण मनुबाईनं त्याला महिनाभरात ताळ्यावर आणलं. नाथाजी स्टुलावर बसून इंजनं खोलायचा, जुळवायचा. जे झिजलं असेल ते मनुबाई नवं काढून द्यायची. सुरुवातीला गिऱ्हाईक दारात यायचं, खाकीतली बाई बघायचं आणि परत फिरायचं. पण ऐन उसाच्या पाण्यात पंप बंद पडला, की माणसाला बाई-बाप्या बघायला सवड नसते. केरबा पाटील नावाचा एक बागायतदार असाच घायकुतीला येऊन पंपाचा झिजलेला शाफ्ट टाकून गेला, संध्याकाळी घेऊन गेला, आणि पुढच्या हंगामात भावकीतल्या सगळ्यांचे पंप घेऊन आला.

एकोणऐंशीत लोणंदच्या त्या केंद्रातनं तिला बोलावणं आलं, नव्या मुलांपुढं चार शब्द सांगायला. गंगाधरराव निवृत्त झाले होते. आबासाहेब अजून अध्यक्षच होते, समोरच्या खुर्चीत. मनुबाई उभी राहिली आणि म्हणाली, "यंत्र झाकलेलं दिसलं तर इचारा, का झाकलंय. उत्तर आलं न्हाई तर उघडा." आणि खाली बसली. टाळ्या कमी पडल्या. नंतर चहाला मात्र दोन मुली तिच्याजवळ येऊन बसल्या. त्या वर्षी पहिल्यांदाच टर्नरला नाव घातलेल्या.

"बाई, घरचे बांगड्या काढू देत न्हाईत," त्यातली एक हळूच म्हणाली.

"घरी कोण हाय, त्याचं नाव सांग," मनुबाई म्हणाली. "इस्लामपूरची एस्टी चुकली तर चुकू दे. आताच तुज्या घरी जाऊ."