मावशीचं वाक्य एआयच्या तोंडी

मंडळी, डोकं फिरलंय माझं.

मोबाईल गेमच्या जाहिराती लिहिणं हे माझं काम. आज साहेबांनी एआयकडून लिहून घेतलेली लुडोची जाहिरात मला कौतुकानं वाचून दाखवली. त्यात बाई लेकाला म्हणते, "मुडद्या, माझी सोंगटी मारतोस व्हय? आज जेवायला वाढत न्हाय, जा!"

अहो, हे माझ्या सोलापूरजवळच्या कुंभारीच्या मावशीचं वाक्य! मीच ते एका जुन्या जाहिरातीत वापरलं होतं. म्हणजे साहेबांनी माझं सगळं लिखाण मला न विचारता एआयला दिलं होतं.

वर म्हणतात, "किती अस्सल सोलापुरी लिहितंय बघ! तू आता फक्त तपासून देत जा."

मावशीला फोन केला. ती भडकलीच. "मुडद्यानं भरल्या ताटावरनं उठवलं की गं तुला!"

आता माझ्याच ताटातलं उष्टं मी तपासत बसू? तुम्ही बसला असता?