आबांच्या चहात काय होतं

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, माझ्या पोटात राहून नाही राहिलं.

माझे आबा, म्हणजे मम्मीचे वडील, रेल्वेत केबिनमन होते. गाडी कोणत्या लाइनीवर जाईल त्यासाठी रूळ बदलायचा कांटा ओढायचे. आजी गेली अन् त्यांचं बिघडलं. भिंतीशी बोलत बसायचे, झोप नाही, काही नाही. मग समता कॉलोनीतल्या एका मनाच्या दवाखान्यात भरती केलं. रायपूर राजधानी झाल्यापासून असे दवाखाने किती उघडले इथं. कॉलेज सुटलं की गुढियारीच्या घरून टिफिन घेऊन जायची ड्यूटी माझी.

एक दिवस आबा हळूच म्हणाले, "पोट्टे, हे लोक चहात काही टाकून राहिले."

मी मम्मीले सांगितलं. ती म्हणे बिमारीच तशी आहे, सगळ्यांवर शक येते. डॉक्टरही तेच बोलले. पण मले तिथली नर्स दीदी पहिल्यापासून खटकायची. आबांशी बोलायची तं लहान लेकराशी बोलल्यासारखी, अन् आबा समोर बसले असताना माझ्याकडे वळून विचारायची, रात को सोए क्या ये? अरे, त्यांनाच विचार न. अन् चहाचा कप आणायची तं वरून रुमाल झाकून. चहाले रुमाल काहून?

आबांनी चहा सोडला. मग टिफिनमधली दाळही सोडली. मग पाणीही फक्त माझ्या बाटलीतलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी टाकावी लागेल, अन् हे नळी ओढतील म्हणून हात बांधावे लागतील.

मग मी पाळत ठेवली. बाटली भरायच्या बहाण्यानं चहाच्या खोलीबाहेर उभी राहिली. दीदीनं दोन चमच्यांमधी गोळी दाबली, चुरा केला अन् आबांच्या कपात ढवळला.

आबा खरं बोलून राहिले होते. अन् आम्ही त्याचीच बिमारी करून टाकली होती.

मी विचारलं तं दीदी घाबरली पण नाही. म्हणे, आपकी मम्मी से पूछकर ही किया है. घरी येऊन मम्मीले विचारलं. ती कोथिंबीर निवडतच राहिली. आबा गोळ्या थुंकून देत होते, मग मी काय करू, म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी दीदीसमोरच आबांले सगळं सांगून टाकलं. आबा बोलले, पण माझ्याशीच, तिच्याशी नाही.

"केबिनमध्ये फोनवर निरोप आला तं मी तो परत बोलून दाखवायचो. तिकडचा हो म्हणे, तेव्हाच कांटा ओढायचो. हिले म्हण, पहिले सांग, मी परत बोलतो, मग गोळी देजो."

मी दीदीले हिंदीत सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती स्टूल ओढून बसली, मी तिले बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. गोळ्यांची अख्खी पट्टी आबांच्या हातात दिली.

"बाबा, ये नींद की है. मुँह सूखेगा."

"नींद की. मुँह सूखेगा."

"हव," दीदीनं होकार दिला.

आबांनी गोळी स्वतः पट्टीतून काढली, उजेडात धरून उलटीपालटी पाहिली, अन् गिळली. नळीचं नाव मग कोणी काढलं नाही. त्या दिवसापासून दीदी जे काही आणे, आधी सांगे, आबा परत बोलत, मग घेत.

आता आबा घरी आहेत. झोपतात, जेवतात. पण मम्मीनं चहा दिला की कप तिच्याकडेच परत सरकवतात. मम्मी एक घोट पिते, मग ते पितात. अन् खरं सांगू, मी पण तिच्याकडे बारीक नजरेनं पाहून राहिली आजकाल, अजून काय काय आमच्या भल्यासाठी लपवलं असेल म्हणून.

तुमच्या घरी झालं का असं? म्हाताऱ्या माणसाचा शक सगळ्यांनी बिमारीत काढला, अन् तो खरा निघाला?