डिस्को बसून गातो

आमच्या सेक्टरमध्ये मला माझ्या नावानं कोणी हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून गणेश मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांची मी डिस्कोवहिनी. कारण आमचे हे म्हणजे 'डिस्को'. नोकरी पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात, लोकांच्या पाळ्या आणि हजेऱ्या सांभाळायची. पण भिलाईतल्या कोणत्याही मराठी माणसाला विचारा, तो सांगायचा की हा माणूस ऑर्केस्ट्रात गातो आणि मधल्या वेळेत कारखान्यातही जातो. सणासुदीला दुर्गपासून अहिवाऱ्यापर्यंत बोलावणी यायची. अंगात चंदेरी टिकल्यांचं जाकीट, गळ्यात लाल रुमाल, आणि कंबर अशी हलायची की सासूबाई पहिल्या रांगेतून उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसायच्या. प्रत्येक कार्यक्रमात मूठभर टिकल्या गळायच्या आणि त्या परत शिवायचं काम माझं. एकदा तर कणकेत टिकली निघाली होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका उन्हाळ्यात हे ऑफिसच्या कामानं भोपाळला गेले. तिथं कोणाच्या तरी घरी गझलांची बैठक ऐकली. गेले ते डिस्को, आणि आले ते कोणी वेगळेच. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मी आता नाचत नाही."

"कावून? कंबर धरली का?"

"कंबर ठीक आहे. पण जाकीट गाते, कंबर गाते, ड्रम गाते. मी कुठं गातो? लोकायनं माहा आवाज कधी ऐकलाच नाही. या गणपतीत एक डाव बसून गातो. आवडला त आवडला. नाही आवडला त गाणंच सोडतो."

खरं सांगते, मला राग आला. आवाज चांगला होता, हे मला माहीत होतं. ड्रमच्या मागून कधीमधी यायचा ऐकू. पण डिस्कोवहिनी म्हणून मला रॉकेलच्या रांगेत पुढं जागा मिळायची, मंडपात पंख्याखालची खुर्ची मिळायची. गझलवहिनीला कोण उभं करणार होतं? दुसऱ्या दिवशी मी भाजीत मीठ जास्त घातलं. ह्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. तेव्हाच मला समजलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

मग रियाज सुरू झाला. टेपरेकॉर्डर लावून हे तासन्‌तास नुसता 'ख' म्हणायचे. आपला साधा 'ख' नाही, तो घशाच्या तळातून खरवडून काढायचा 'ख'. दोन-चार दिवस भिंतीपलीकडून ऐकल्यावर शेजारच्या भंडाऱ्याच्या काकू ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन आल्या. "भाऊजीले कफ भरला वाटते व. रात्री छाती शेकून देत जा," म्हणाल्या. गझला सगळ्या साकीच्या, प्याल्याच्या आणि मैखान्याच्या, म्हणजे दारूच्याच. आणि गाणारा कोण, तर ज्याला दोन कप चहानंतर आम्लपित्त व्हायचं. अर्थ विचारला की हे म्हणायचे, "गझलचा अर्थ विचारत नाहीत, तो लागतो." मला काही तो लागला नाही. ह्यांनाही लागला होता असं वाटत नव्हतं, पण विचारायची सोय राहिली नव्हती.

ह्यांना आणखी एक काळजी होती. गझल ऐकायचीही एक रीत असते, आणि आमचे लोक टाळी आणि शिटी या दोनच गोष्टी जाणत. म्हणून ह्यांनी कारखान्याच्या रोलिंग मिलमधले आपले पाच-सहा मित्र तयार केले. ते रविवारी आमच्या बैठकीत बसायचे आणि चिवडा खात खात शिकायचे. शेर सुरू करण्याआधी म्हणायचं 'इर्शाद', म्हणजे सांगा, ऐकवा. आवडला की म्हणायचं 'मुकर्रर', म्हणजे पुन्हा एकदा. रुआबांध्याचे एक भाऊ दर वेळी 'मुकद्दर' म्हणायचे. शेवटी त्यांना सांगितलं की तुम्ही फक्त मान हलवा.

गणपतीतली ती संध्याकाळ आली. भाद्रपदातला उकाडा, वारा काडीचा नाही, आणि आमच्या ह्यांनी अंगावर काळी शाल घेतलेली. स्टेजवर गादी घातली, लोड ठेवला, हे मांडी घालून बसले. बसल्याबरोबर मागच्या रांगांना दिसेनासे झाले.

"दिसून नाही राहिला बे! उभा करा त्याले!" मागून ओरडा झाला.

ह्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. पेटीवर सूर धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पहला शेर अर्ज है."

"इर्शाद!" मित्र ओरडले. सतत मिलच्या धडधडीत एकमेकांशी बोलणारे ते गळे. त्यांना हळू बोलणं कुठं जमणार? "इर्शाद! इर्शाद!" सगळा मंडप दणाणला.

मंडपाच्या दाराशी आमच्या मंडळाची एक सोय होती. गर्दीत पोर हरवलं की पुकारायला वेगळा माइक आणि त्यावर बसलेला एक उत्साही कार्यकर्ता. इतकी माणसं एकाच नावानं हाका मारताहेत म्हटल्यावर त्यानं कर्तव्य केलं. भोंग्यातून आवाज आला, "कृपया ध्यान दें. इरशाद नाम का बच्चा जहाँ कहीं भी हो, फ़ौरन गेट पर आ जाए. उसके घरवाले बहुत परेशान हैं."

झालं. बायका उठल्या. कोणी खुर्च्यांखाली पाहू लागलं, कोणी आराशीच्या मागं. "केवढा आहे व पोरगा?" "कपडे कोनते घातले?" काकूंनी तर स्टेजजवळ जाऊन ह्यांनाच विचारलं, "भाऊजी, वरून दिसते का कुठं?" हे पेटी थांबवून माइकवर म्हणाले, "इर्शाद हरवला नाही." त्यावर टाळ्या पडल्या. पोरगा सापडला असं सगळ्यांना वाटलं. त्या रात्रीची तेवढीच काय ती टाळी.

मग ह्यांनी घसा खाकरला, आणि पहिल्या रांगेतून चार जण एकदम म्हणाले, "मुकर्रर!"

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि ते तिथंच विरलं. हे तरी गायले. चांगले गायले. पण मागच्या रांगा आधी उठल्या, मग मधल्या उठल्या. समोशांच्या गाडीवर गर्दी झाली. पुढं उरलो मी, काकू आणि रोलिंग मिल. शेवटची गझल संपली, पुढच्या कार्यक्रमाच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी ड्रम बडवला आणि समोशावाले सगळे धावत परत आले.

घरी परतायला स्कूटरवर बसलो. मला राहवलं नाही. मागून म्हटलं, "ते उठून गेले ना, ते रात्रपाळीवाले होते."

"आठ वाजता?"

"लवकर निघत असतीन."

"मी टाइम ऑफिसात आहो. कोण कोणत्या पाळीत आहे ते मले सांगून राहिली का तू? अन् बायाही रात्रपाळीत लागल्या का?"

घरी आल्यावर ह्यांनी शाल घडी करून ठेवली आणि टेपरेकॉर्डर कपाटावर चढवला.

शब्दाचा माणूस पक्का. गाणं सोडलं ते सोडलंच. नवरात्रात वैशाली नगरच्या मंडळाचं बोलावणं आलं, नाही म्हणाले. आमच्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले. चहा पीत मोठ्या मनानं म्हणाले, "भाऊ, त्या दिवसाचं आमी विसरून गेलो. मनावर नका घेऊ. फक्त जाकीट घाला." जणू ह्यांनी मंडळाची वर्गणी पळवली होती आणि ते दयेनं माफ करत होते. हे हसले आणि म्हणाले, "जाकीट देतो ना. कोणालेही घाला." अध्यक्ष ते खरंच काखेत मारून घेऊन गेले. टिकल्या शिवायचं काम सुटलं. त्याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

घर शांत झालं. इतकं, की काकूंनी एकदा विचारलं, कफ गेला का? मी म्हटलं, गेला. आणि आत येऊन रडले. ज्या 'ख'नं माझं डोकं उठवलं होतं तो आता हवा होता, आणि मागायचा कसा ते कळत नव्हतं.

दिवाळीनंतरचा एक रविवार. कुकर लावला होता. हे ओट्याजवळच्या स्टुलावर बसून मटार सोलत होते. मी म्हटलं, "ते त्या दिवशीचं पहिलं म्हणा ना."

"कोणासाठी?"

"मले ऐकाचं आहे."

"तुले समजते का त्यातलं?"

"नाही."

ह्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाले, "मलेही पुरं नाही समजत."

आणि डोळे मिटून गायले. ना पेटी, ना शाल. ड्रमच्या मागून कधीमधी येणारा तो आवाज पहिल्यांदाच सगळाच्या सगळा माझ्या स्वयंपाकघरात होता. मी भिंतीला टेकून खाली बसले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मग डाळ लागल्याचा वास आला, मग भिंतीपलीकडून काकूंनी हाक मारून विचारलं की काही जळून राहिलं का.

मी उठले नाही.