गिलासात काय हाय

मला इंग्रजी येत नव्हतं. आजही फारसं येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे एवढं एक वाक्य त्या हिवाळ्यात वेळेवर बोललो असतो, तर एक बाई कदाचित जगली असती आणि दुसरीला गाव सोडावं लागलं नसतं.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून वडिलांनी माझ्या शिक्षणाचा ध्यासच घेतला होता. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला. इंग्रजीत काठावर पास. नोकरी कोणी देईना, तेव्हा पुसदच्या एका मिस्त्रीनं मला हाताशी धरलं. तो मूळचा ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा मुसलमान कारागीर. जुनं मशीन, तंबू आणि एक खटारा ट्रक जमवून त्यानं टुरिंग टॉकीज काढली होती. एका गावात तंबू ठोकायचा, आठ-दहा दिवस खेळ करायचे आणि पुढचं गाव धरायचं. मी दिवसभर बैलगाडीत भोंगा लावून सिनेमाची जाहिरात करत फिरायचो. माझा आवाज चांगला होता.

फुलसावंगीचा मुक्काम आटोपून आम्ही पुढच्या एका गावी आलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथं देवाचा सिनेमा लागणार म्हणून मी दोन दिवस गल्लोगल्ली बोंबलत फिरलो. तेव्हा आमच्याकडे देवाचा सिनेमा म्हणजे अर्धं देऊळच. पडद्यावर देव आला की लोक उठून नारळ फोडायचे, बाया कापूर लावायच्या, आणि आरती संपेपर्यंत मिस्त्री मशीन बंद ठेवायचा. त्याप्रमाणे पहिल्या दिवशी बाया आरतीची ताटं घेऊन आल्या. सिनेमाची पेटी अमरावतीहून आली होती आणि मिस्त्रीनं ती खेळाच्या वेळीच उघडली. मशीन सुरू झालं, तर देवाच्या जागी एक जाडा साहेब पंख्याखाली मरून पडलेला.

पेटी बदलली होती. आत कुठलासा जुना इंग्रजी खुनाचा सिनेमा निघाला. समुद्राकाठचं उष्ण शहर, नारळाची झाडं, घामानं थबथबलेले साहेब, अंधाऱ्या गल्ल्या, खिडकीच्या झिलमिलीतून भिंतीवर पडणारे उजेडाचे पट्टे, हॉटेलात गाणारी एक बाई, आणि जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघतोय. कोणाला एक अक्षर कळेना. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं मेलेल्या साहेबालाच ओवाळून घेतलं, कारण ताट पेटवून झालं होतं. मग मागून खडे यायला लागले. मिस्त्री घाबरला. त्यानं माईक माझ्या हातात कोंबला.

"तू तो मॅट्रिक है ना? बोल. जो दिखता है, बोल."

मी बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाची जमीन खाल्ली, इन्स्पेक्टर कोणत्या गावचा, सगळं मनानं जोडत गेलो. मध्ये एक जागा होती. कोट काढून पलंगावर पडलेला साहेब थरथरतोय, ती गाणारी बाई गिलास घेऊन येते, त्याच्या ओठांना लावते, आणि तो पिऊन मान टाकतो. मी म्हणालो, "पाहा, बाप्पा, पाजलं जहर!" अख्खा तंबू गार झाला. खडे थांबले. त्या क्षणी मला कळलं की आजवर माझं कोणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

तेवढ्यात कनातीच्या पलीकडून, बायांच्या बाजूनं, कोणीतरी मोठ्यानं हसलं.

ती गावातली नर्सबाई होती. सरकारी दवाखान्याची, नागपूरकडे शिकलेली, पंचविशीची, एकटीच एका खोलीत राहायची. तिला इंग्रजी येत होतं. मी जिथं जिथं तोंड उघडलं, तिथं तिथं ती हसत होती. तिला आवरतच नव्हतं बिचारीला. पुरुषांच्या बाजूनं एकानं विचारलं, "मास्तर, ते बाई काहून हासून राह्यली?" आणि मग तोही हसला. मग बरेच हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूपाशी आली. मिस्त्री इंजिन पुसत होता, मी चहा पीत होतो.

"भाऊ, राग मानू नका," ती म्हणाली. "तुमचा आवाज फार छान आहे. फक्त ती बाई जहर देत नाही हो. त्याला हिवताप आहे, ती कोयनेल देते. त्यानं तर तो वाचतो. खून हॉटेलवाल्यानं केलेला असतो. मी तुम्हाला सगळं सांगते, तुम्ही लिहून घ्या."

तिनं चारचौघांत चूक काढली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण तिनं माझी समजूत घातली, लहान पोराची घालतात तशी. मिस्त्री हसून म्हणाला, "लिख ले, बेटा." मी लिहून घेतलं नाही. मी म्हणालो, "बाई, तुमी तुमचे पेशंट पाहा."

त्या दिवसापासून मी सिनेमातल्या बाईला नर्सबाई करून टाकलं. सोपं होतं. नर्सबाईची एक लकब होती. औषध पाजताना ती म्हणायची, "घाबरायचं नाही. एका दमात प्यायचं." अख्ख्या गावानं ते ऐकलेलं. गिलासाची जागा आली की मी माईक तोंडाजवळ घेऊन, आवाज बारीक करून, तिच्याच सुरात म्हणायचो, "घाबरायचं नाही. एका दमात प्यायचं." तंबू हसून हसून लोळायचा. पुरुष मांड्यांवर थापा मारायचे, बाया पदर तोंडात धरून खिदळायच्या. मग साहेब मान टाकायचा आणि सगळे एकदम चूप व्हायचे. हसणं आणि भीती इतकी जवळजवळ असतात हे मी तिथंच शिकलो, आणि दोन्हींची गोडी मला लागली. मी रोज थोडी भर घालत गेलो. पुढे तोच साहेब पडद्यावर दिसला की मी त्याला मेलेल्याचा भाऊ करून टाकायचो. सिनेमातली बाई एकटी राहते. तिला नवरा नाही. ती हसून बोलते ना, तिथंच माणूस फसतो.

ज्या दिवशी मी हे सुरू केलं, त्या दिवशीही नर्सबाई खेळाला आली होती. पहिल्यांदा ती हसली, मी नीट ऐकलं. मग हसू मधेच तुटलं. त्यानंतर ती तंबूत आली नाही.

देवाच्या सिनेमाची पेटी दुसऱ्याच गावी गेली म्हणून कळलं, पण आता ती कोणाला हवीच नव्हती. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या यायला लागल्या. मिस्त्री मला "मास्तर" म्हणायला लागला. दिवसा मी गावातून गाडी फिरवायचो, तर पोट्टे मागे धावत ओरडायचे, "एका दमात प्यायचं!" नर्सबाई छत्री घेऊन रस्त्यानं निघाली तरी हेच. पारावर बसलेली मोठी माणसंही म्हणायची. ती खाली मान घालून निघून जायची. खरं सांगतो, मला बरं वाटायचं.

मग ऐकू यायला लागलं की तिनं वाटलेल्या हिवतापाच्या गोळ्या लोक उकिरड्यावर टाकताहेत. एका घरात तिनं पाटी-पुस्तकाच्या वयाच्या पोरीला डोस पाजायला घेतला, तर आजीनं हातावर फटका मारून गिलास सांडवला. बाया तिला बघून दारं लावून घ्यायच्या. मला वाटलं, चार दिवसांत आपण जाऊ, विसरतील. गावं विसरतात असं मला उगाच वाटत होतं.

मुक्कामाच्या आठव्या दिवशी दुपारी गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचा गडी मला बोलवायला आला. त्या घरची सून बाळंतपणाला अडली होती, दोन दिवस झाले होते. वाड्याच्या अंगणात तीस-चाळीस माणसं उभी होती. गावची सुईण ओट्यावर डोकं धरून बसली होती. आणि अंगणाच्या मधोमध नर्सबाई उभी होती, हातात बॅग घेऊन. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आपणच आली होती. दारात सासू आडवी उभी होती. आतून सुनेचं कण्हणं येत होतं. ओरडायची ताकद संपली की बाई जशी कण्हते, तसं.

"मला फक्त आत जाऊ द्या," नर्सबाई म्हणत होती. "नाही तर गाडी जुंपा, पुसदला नेऊ. पण वेळ लावू नका हो."

घरधनी म्हाताऱ्यानं मला पुढे बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

"तू शिकेल हाय," तो म्हणाला. "तुले इंग्रजी येते. हे बाई म्हणते सुई देतो, दवा देतो. इंग्रजी दवा हाय तिची. अन् आमी तं रोज पाह्यलं, इंग्रजी दवा पाजून काय होते ते. आता इमानानं सांग मले. सिनेमात ते बाई त्या गिलासात काय देते? दवा का जहर?"

आज कोणाला हे हसण्यासारखं वाटेल. मलाही एखाद्या दुसऱ्या गावची गोष्ट असती तर हसू आलं असतं. पण म्हाताऱ्याचं काही चुकत नव्हतं. इंग्रजी शिकलेल्या बाया आणि इंग्रजी औषधं त्यानं आयुष्यात दोनच जागी पाहिली होती, आपल्या गावात आणि आमच्या पडद्यावर. पडद्यावरच्याचा अर्थ त्याला मीच सांगितला होता. जिथं कळत नाही तिथं शिकलेल्याला विचारावं, हे त्यानं अगदी बरोबर केलं.

नर्सबाई माझ्याकडे वळली. ती रागावलेली नव्हती. उलट तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिला वाटलं, आता सुटले. खरं काय ते तिनं स्वतःच मला सांगितलं होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं.

"सांगा ना, भाऊ," ती म्हणाली.

मी चाळीस माणसांकडे पाहिलं. त्यातली तीस तरी त्या दिवशी पुन्हा खेळाला येणार होती. दवा म्हणालो तर पहिला प्रश्न कोणता येईल ते मला दिसत होतं. मंग आठ रोज कायले जहर जहर म्हनून राह्यला? तुले इंग्रजी येते का नाई येत? मॅट्रिक, मास्तर, माईक, सगळं त्या अंगणात मातीत गेलं असतं आणि नर्सबाईसमोर गेलं असतं. दुसऱ्या पारड्यात काय होतं, ते आतून कण्हत होतं. मला ते ऐकू येत होतं. मी बहिरा नव्हतो.

"जहर," मी म्हणालो.

नर्सबाईनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि बॅग खाली ठेवून तिथंच जमिनीवर बसली. तिला हाकलायचा कोणाला धीर झाला नाही आणि आत घ्यायचाही झाला नाही. सुईण पुन्हा आत गेली. उन्हं कलली तेव्हा पोराचं रडणं ऐकू आलं आणि थोड्या वेळानं बायांचं. रक्त थांबलं नाही म्हणे. पोरगं जगलं, सून गेली. एकोणीस वर्षांची होती. नर्सबाई उठली, लुगड्याची माती झटकली आणि निघाली. माझ्या जवळून जाताना ती थांबेल असं मला वाटलं, पण ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक घेऊन एसटीत बसली. तिची अपशकुनी म्हणून तक्रार झाली होती आणि बदलीचा हुकूम निघायची तिनं वाट पाहिली नाही.

सून गेली त्या रात्री मिस्त्रीनं खेळ बंद ठेवला. सकाळी तंबू उतरवायला घेतला. मला म्हणाला, "मास्तर, गिलास में क्या था, असल में?" मी म्हणालो, "जहरच." तो दोर सोडायला लागला.

ट्रक भरत होता तेव्हा म्हाताऱ्याचा गडी पुन्हा आला. बोलावलंय म्हणाला. मला वाटलं, कळलं. तरी गेलो. मार पडला असता तर बरं झालं असतं, असं आज म्हणतो. तेव्हा मला मार नको होता.

म्हाताऱ्यानं मला ओट्यावर नाही, आत नेलं. मधल्या घरात सतरंजीवर बसवलं. तसल्या घरात मला आजवर चहा मिळाला तो अंगणात, वेगळ्या कपात, आणि तो कप मीच विसळून उपडा घालायचो. आमच्या वडिलांनीही जन्मभर तेच केलं. त्या दिवशी घरातल्या फुलांच्या कपबशीत चहा आला. म्हातारीनं, त्या सासूनंच, स्वतः आणला. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं कपड्यात गुंडाळलेलं तांबडं पोरगं माझ्यासमोर धरलं.

"तुमी खरं बोलले म्हनून हे तरी राह्यलं," म्हातारा म्हणाला. कालपर्यंत तो मला "तू" म्हणत होता. "आत घेतली असती तं दोघाईले नेलं असतं तिनं. तुमचे लय उपकार झाले, मास्तर."

तंबू उतरला होता. खेळ संपला होता. त्या गावी मी पुन्हा कधी जाणार नव्हतो. आता खरं बोललो असतो तर माझं काही जात नव्हतं. निदान त्या नर्सबाईविरुद्धची तक्रार मागे घेतली गेली असती. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी चहा पिऊन संपवला.

"अजून घेता, भाऊ?" म्हातारीनं विचारलं.

मी कप पुढे केला.