हौदापाशी रेंज होती

मंदावहिनींनी माझा स्वयंपाक कधी पाहिला नाही, ऐकला. "भाऊजी, फोन कढईपाशी धरा बरं," असं म्हणायच्या आणि तिकडे कान लावून माझा कांदा ऐकायच्या. "न्हाई अजून. पानी बोलतंय त्याच्यातलं. तेल बोलाया लागलं की मग मीठ टाका." मी इंग्लंडमधल्या एका गारठलेल्या गावात शिकत होतो. वहिनी निमगाव सावाला, आमच्या मळ्यातल्या घरी. मधे फक्त एक फोनकार्ड.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर घोडेगावच्या अंगाला. दादा मुळात अबोल, आणि आमची आई तोंड उघडायची ती कामं सांगायला. त्या घरात वहिनींना एवढं बोलता येतं हे मलाही परदेशी गेल्यावरच कळलं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. हयातीत त्यांच्याविषयी मी कुणाशी फार बोललो नाही. का, ते पुढे येईलच.

पहिला महिना मी पाव आणि उकडलेल्या अंड्यांवर काढला. मग एकदा डाळ आणली, शिजायला ठेवली आणि घाबरून घरी फोन केला. मोबाइल घेऊन हौदावर पाण्याला आलेल्या वहिनींनी उचलला. डाळ शिजली हे कळतं कसं, असं मी विचारल्यावर त्या आधी पोटभर हसल्या. "एवढं शिकला, आन डाळीला इचारता येईना व्हय? बोटात धरून दाबा. ऐकलं तर शिजली, न्हाई ऐकलं तर तुमच्या दादावर गेली."

पहिल्या फोडणीला हॉस्टेलची धुराची घंटा वाजली. चार मजल्यांची पोरं थंडीत रस्त्यावर, एकजण तर नुसत्या टॉवेलवर, आणि हातात झारा घेऊन मी. त्या रात्री मला बाहेर काढतील असं वाटून मी रडकुंडीला आलो होतो. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "फोडनीला घंटी? मग आरती पन म्हनायची व्हती की!" तेव्हापासून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "खिडकी उघडली का? मग टाका मव्हरी."

लोकांना हे सांगितलं की लोक हसतात. मला मात्र हसू येत नाही, कारण वहिनी हे सगळं कुठे उभ्या राहून सांगत होत्या ते मला माहीत होतं.

आमच्या घरात तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. ती मिळायची गोठ्यामागे, पाण्याच्या हौदापाशी. हौदाच्या पलीकडे हातभर वाट, आणि लगेच ऊस. माझा वर्ग सुटायचा दुपारी. माझी दुपार म्हणजे त्यांची तिन्हीसांज. त्या हिवाळ्यात आमच्या शिवारात बिबट्याचा वावर वाढला होता. शेजारच्या मळ्यातली शेळी गोठ्यातून गेली होती. वनखात्याची माणसं सांगून गेली होती की अंधार पडल्यावर उसाकडे जाऊ नका, जावंच लागलं तर वाकू नका आणि मोठ्यानं बोलत राहा.

दादानं एकदा मला स्पष्ट सांगितलं, "संध्याकाळचा तिला फोन करत जाऊ नको. वाघ हाय." आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मी फोन बंद केला. थोड्याच दिवसांत वहिनींचा मिस्ड कॉल आला. मी लावला.

"काय खाता?"

"पाव."

"पाव काय जेवन झालं? उद्या करा फोन."

"वहिनी, दादा म्हणतो बिबट्या..."

"त्याला काय मीच घावते व्हय? काळ्या असतो ना संगं. आन मी उभीच असते. वाघ वाकल्याल्या मानसावर येतो."

काळ्या आमचा कुत्रा. मी त्या काळ्याच्या भरवशावर रोज फोन लावू लागलो. खरं सांगायचं तर तोवर मला आमटी, पिठलं, भात सगळं जमत होतं. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी विचारायचो. त्या खोलीत दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. वहिनी बोलत असायच्या आणि मी त्यांच्यामागची उसाची सळसळ ऐकत असायचो. जीव मुठीत धरून ऐकायचो, पण फोन ठेवायचो नाही.

त्या दिवशी मासवडी करायची होती. घट्ट शिजवलेलं बेसन मी ओल्या फडक्यावर थापत होतो, फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला.

"आता सारन पसरा," वहिनी सांगत होत्या. "कडंला नको, मधी..."

मागे काळ्या भुंकत होता. त्याचं भुंकणं मधेच, दोरी तुटावी तसं तुटलं.

"भाऊजी," वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "स्पीकर लावते. मोठ्यानं बोला. काय पन बोला, पन गप ऱ्हाऊ नका. गडीमानसाचा आवाज पायजे."

मला सगळं समजलं. मी तोंड उघडलं, पण घशातून आवाज फुटेना. पलीकडून वहिनी ओरडायला लागल्या, "हां भाऊजी! मंग बेसन किती घेतलं? तीळ भाजलं का? बोला की!" ऊस मोडल्याचा आवाज आला. आता पुढे काय ऐकावं लागेल या भीतीनं अंगठा तांबड्या बटणावर गेला. अंगठा कसला, मीच दाबलं.

परत लावायचं धाडस झालं नाही. लावला आणि कुणी उचललाच नाही तर? बेसन फडक्यावर वाळून तडकलं. बाहेर अंधार झाला तरी मी दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा मिस्ड कॉल. मी लावला.

"काळ्याला नेलं," दादा म्हणाला. "मंदा वाचली. तू बोलत राहिलास म्हनून वाचले म्हनती. उसाकडं तोंड करून, उलट्या पावलानं, पार दारापतूर तुझ्याशी बोलत आली."

मी म्हणालो, "हं."

त्या एका 'हं'वर मी पुढची सगळी वर्षं काढली. लग्नाकार्यात पाहुणे माझी पाठ थोपटायचे, "पावणं, परदेशातून वाघ हाकलला राव तुमी!" वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. संध्याकाळचा फोन मी पुन्हा कधी केला नाही. त्यांच्या जिवाला धोका नको म्हणून, असं मी स्वतःला समजावलं होतं. सणावाराला सकाळी दादाला करायचो, खुशाली विचारायचो, ठेवायचो.

गेल्या वर्षी मंचरच्या दवाखान्यात वहिनींच्या उशाशी मी एकटाच होतो. डॉक्टरांनी दादाला काय ते सांगून टाकलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी फोन मी कट केला होता."

"म्हाईतंय की." त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बंद फोन कळत न्हाई व्हय मला?"

"मग घरात तसं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तुमच्या दादानं फोन हौदात बुडवला असता. मला वाटलं, भ्यालं असत्याल. उद्या करत्याल." त्या दम घ्यायला थांबल्या. "घरात मला कामं सगळीच सांगायची भाऊजी. 'वहिनी, आता पुढं काय करू', असं इचारनारं तुमीच एक व्हता."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"म्हयनाभर जात व्हते मी हौदाकडं," त्या म्हणाल्या. "तुमच्या टायमाला."

"अंधारात? एकट्या?"

"काळ्या कुठं व्हता आता," वहिनी म्हणाल्या. "एकटीच."